दहा पराभव आणि एक थर्मास

धरणेंद्र मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, दिवसाला नऊ कप चहा पीत. पहिला बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, भगवंतांचं दर्शन घेऊन आल्या आल्या, दुसरा पेपराबरोबर, तिसरा पेपरात काही नाही म्हणून, आणि उरलेले सहा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यात. नऊच्या नऊ कप त्यांच्या पत्नी गुणमालाबाई करत. कारखान्यातले सहा थर्मासमध्ये भरून जात, कारण टपरीच्या चहाने अण्णांना जळजळ होई आणि मशीनच्या चहाने राग येई. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात अण्णांनी हळद पॉलिश करायचे साडेचारशे ड्रम बनवून विकले, पण चहाचा एक कपही स्वतः केला नव्हता.

अशा माणसाने भर सभेत उठून चहाचा त्याग करावा, याला कारण झालं फुटबॉल.

अण्णा शांतिनगर फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते. खेळ कळतो म्हणून नव्हे. एका वर्षी त्यांनी संघाला जर्सी दिल्या, जर्सीच्या पाठीवर ड्रमचं चित्र होतं, आणि ज्याचं चित्र तो अध्यक्ष असं परस्पर ठरून गेलं. अकरातले सात खेळाडू त्यांच्याच कारखान्यातले. कॅप्टन ऋषिराज लेथवर कामाला होता. गोलकीपर मात्र घरचा होता. गुणमालाबाईंचा धाकटा भाऊ गोमटेश, वय त्रेचाळीस, मिरजेत औषधांची एजन्सी, आणि गोलपोस्टला टेकून उभं राहायची सवय. त्याची निवड झाली होती, कारण ग्लोव्हज त्याचे स्वतःचे होते.

त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. दसरा होऊन गेला होता. प्रवचन संपलं की लोक एकेक करून उभे राहत आणि हात जोडून काही ना काही सोडण्याचा नियम घेत. त्या बुधवारी अण्णांच्या शेजारी बसलेले नानासो खोत उठले. नानासो म्हणजे क्लबचे सेक्रेटरी. त्यांनी वांगं आणि बटाटा आजन्म सोडला. मंडपात टाळ्या झाल्या. नानासोंना वांगं मुळातच आवडत नव्हतं हे अण्णांना ठाऊक होतं, त्यामुळे त्या टाळ्या त्यांना जरा जास्तच लागल्या.

अण्णांनी बसल्या बसल्या विचार केला. सोडायचं तर लोकांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी सोडावं, पण फार दिवस सोडू नये. रविवारी सांगली-साताऱ्याच्या हौशी लीगमधला आपला पहिला सामना आहे. समोर वाईचा संघ आहे, गेल्या वर्षी सगळे सामने हरलेला. म्हणजे बुधवार ते रविवार, चार दिवस. चार दिवस निघतील. अण्णा उठले.

"नमोस्तु महाराज. लीगमध्ये आमचा संघ सामना जिंकेपर्यंत माझा चहाचा त्याग."

मंडपातल्या सगळ्या माना वळल्या. अण्णांचा चहा सगळ्या गावाला माहीत होता. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नीट विचार केला आहे ना?"

"व्हय महाराज."

"मग नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणा."

अण्णांनी म्हटला. टाळ्या नानासोंच्या दुप्पट झाल्या. बायकांच्या बाजूला गुणमालाबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि त्याही काहीतरी पुटपुटल्या. नवऱ्याला बळ मिळावं म्हणून असेल, असं शेजारणीला वाटलं.

रविवारी शांतिनगर सहा-शून्यने हरलं.

वाईच्या संघाने गेल्या वर्षभरात काय खाल्लं होतं कोण जाणे, पण पोरं नुसती पळत होती. शांतिनगरचे खेळाडू त्यांच्या मागे अदबीने चालत होते. गोमटेशने सहाही गोल जवळून पाहिले. विजयाचा चहा तिथल्या तिथे मिळावा म्हणून गुणमालाबाई थर्मास घेऊन मैदानावर आल्या होत्या. आता केलेला चहा ओतून कसा द्यायचा? त्यांनी तो वाईच्या पोरांना वाटून टाकला. पोरांनी दोन-दोन कप घेतले आणि आलं छान पडल्याचं आवर्जून सांगितलं. हे सगळं अण्णांच्या देखत झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. कारखान्यात ते उगीचच नट आवळायचे पाने मोजायचे आणि कमी भरले नाहीत म्हणून चिडायचे. सकाळी गुणमालाबाई धने-जिऱ्याचा काढा दोन पेल्यांत आणायच्या, एक त्यांना आणि एक स्वतःला.

"तू कशाला पितीस ह्यो?" अण्णांनी तोंड वाकडं करून विचारलं.

"एकट्यानं प्यायला माणसाच्या जिवावर येतंय," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

दुसरा, तिसरा आणि चौथा सामनाही गेला. दर वेळी थर्मास यायचा आणि दर वेळी समोरचा संघ तो रिकामा करून जायचा. लीगमध्ये ही बातमी पसरली, तशी शांतिनगरशी सामना कधी आहे याची संघ वाट पाहू लागले. अण्णा आता पळवाटा शोधू लागले होते.

"बरोबरी झाली तर?" त्यांनी घरात विचारलं.

"जिंकेपर्यंत म्हणालासा. बरोबरी म्हंजे जिकणं न्हवं."

"आन् समोरचा संघ आलाच न्हाई तर? रेफ्री आपल्याला जिकल्याचं लिहून देतोय."

गुणमालाबाईंनी बराच विचार केला. "लिहून देत असतील तर चालंल."

पाचवा सामना म्हसवडच्या संघाशी होता आणि, काय योगायोग बघा, म्हसवडचा संघ आलाच नाही. चार वाजले, सव्वाचार वाजले. नियम अर्ध्या तासाचा होता. रेफ्री घड्याळाकडे बघायला लागला. अण्णा थर्मासशेजारी जाऊन बसले आणि त्यांनी झाकणावर हात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. ओळखीचा एक पंक्चरवाला होता.

"अण्णा, कवलापूरच्या फाट्यावर एक गाडी बंद पडलीया. पट्टा तुटलाय. रविवारचं दुकान उघडं न्हाई कुठलं. तुमच्या ड्रमाला लागतोय तसला पट्टा चालंल म्हणतोय ड्रायव्हर. लय अडचणीत हायती बिचारी."

अण्णांनी आयुष्यात अडलेल्या माणसाला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि आज तर ते फार खुशीत होते. त्यांनी कारखान्यात असलेल्या कोंडीबा फिटरला फोन लावला. "कोंडीबा, असशील तसा ऊठ. पट्टा घे, गाडीवर टांग टाक आन् दहा मिन्टांत फाट्यावर पोच. माणसं अडून पडल्याती."

कोंडीबा सहा मिनिटांत पोचला. चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी म्हसवडच्या संघाची गाडी मैदानात शिरली. दारात कोंडीबा उभा होता आणि अण्णांना हात हलवून दाखवत होता.

त्या दिवशी सामना चार-शून्यने गेला. म्हसवडचा कोच कृष्णात माने, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, रेजिमेंटकडून बारा वर्षं खेळलेला. पट्टा कोणी पाठवला आणि का पाठवायला नको होता, हे त्याला गुणमालाबाईंच्या हातचा चहा पिता पिता कळलं.

"आवं मालक, तुमीच आमास्नी आणलासा आन् आमी तुमालाच चार घातले? ही लय वाईट झालं." त्याने कप खाली ठेवला. "ह्या उपकाराची फेड कवातरी करीन. कवाबी हाक मारा."

अण्णांनी मान हलवली. पुढचे पाचही सामने गेले. दहा सामने, दहा पराभव. संघाने सबंध हंगामात दोन गोल केले, त्यातला एक समोरच्याच्या बॅकने स्वतःच्या जाळ्यात मारला होता.

हंगाम संपल्यावर क्लबची बैठक बसली. नानासोंनी चष्मा पुसला आणि ठराव मांडला. "लय इज्जत गेली. पोरंबी कट्टाळलीती. क्लब बंद करूया, म्हणजे विषय मिटला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णाही डोलावणार होते. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की क्लब बंद झाला तर सामना होणार नाही, आणि सामना झाला नाही तर जिंकणार कोण? उरलेलं सगळं आयुष्य त्यांच्या डोळ्यांसमोर धने-जिऱ्याच्या काढ्यातून वाहत गेलं.

"क्लब बंद व्हायचा न्हाई," अण्णा उभे राहून म्हणाले. त्यांचा आवाज इतका कापत होता की खेळावरचं हे प्रेम पाहून दोन सभासदांचे डोळे भरून आले.

क्लब राहिला, पण जिंकायचं कसं हे काही कोणाला कळेना. अण्णा शेवटी महाराजांना शोधायला निघाले. चातुर्मास संपल्यावर महाराजांचा पायी विहार सुरू झाला होता आणि मुक्काम आता कर्नाटकच्या हद्दीत एका खेड्यातल्या शाळेत होता. अण्णांनी दर्शन घेतलं आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. नियमातून सुटका द्या असं थेट म्हणवेना, म्हणून त्यांनी डोकेदुखीचं वर्णन जरा वाढवून केलं.

महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही नियम घेतलात खरा, पण तो दुसऱ्यांच्या पायांवर घेतलात. आता त्या पायांची काळजी घ्या."

परतीच्या वाटेवर अण्णा या वाक्याचा विचार करत होते. सोमवारी ते कारखान्यात लेथजवळ जाऊन उभे राहिले आणि ऋषिराजच्या पायांकडे बघू लागले. ऋषिराज घाबरला. मशीन बंद करून त्याने स्वतःही खाली पाहिलं.

"काय झालं, मालक?"

"मॅचच्या दिवशी तुझं पाय एवढं जड का असत्यात रं?"

ऋषिराजने इकडेतिकडे पाहिलं. बोलावं की नको असं त्याचं चाललं होतं. "मालक, रागावू नगा. शनवारी रातपाळी असती. सोमवारच्या डिलिव्हरीसाठी तुमीच ओव्हरटाइम लावलाय. आमी सातजण माल बांधून हुईपर्यंत रईवारी दुपारी दोनला सुटतोय, दोन घास खातोय आन् मैदानावर येतोय. म्या तर वाईच्या मॅचला कॉर्नर मारायच्या आधी उभ्या उभ्या डुलकी काढली."

केबिनमध्ये जाऊन अण्णांनी मागच्या हंगामाची दहा पानं आणि हजेरीची दहा पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली. दहाही शनिवारच्या रातपाळीखाली सही त्यांचीच होती. दहाही सामने त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी हरवून ठेवले होते.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. "संघ जिंकेपर्यंत शनिवारचा ओव्हरटाइम बंद. संघ जिंकेपर्यंत रोज पाच वाजता सराव. संघ जिंकेपर्यंत खेळाडूंना दूध आणि शेंगदाण्याचा लाडू." खाली सही. मग त्यांनी म्हसवडला फोन लावला. तिसऱ्या दिवशी कृष्णात हवालदार पत्र्याची पेटी घेऊन हजर झाला आणि पहिल्याच सरावात त्याने गोलपोस्टला टेकलेल्या गोमटेशला पाहिलं.

"मालक, त्यो खांब आपला का पावणा?"

"पावणाच हाय. मेव्हणा."

"मग अवघड हाय," कृष्णात म्हणाला.

घरी हा विषय काढायचं अण्णांचं धाडस होईना. तीन दिवस ते काढ्याचा पेला हातात घेऊन नुसते सुरुवात करत आणि थांबत. शेवटी गुणमालाबाईंनीच भावाला जेवायला बोलावलं. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता त्या म्हणाल्या, "गोमटेश, जाताना ग्लोव्हज ठिवून जा."

"का गं अक्का?"

"तुला खेळाय येत न्हाई म्हणून."

गोमटेशने दाजींकडे पाहिलं. अण्णा ताटात बघत होते. "व्हय की," गोमटेश थोड्या वेळाने म्हणाला, "मला तर चेंडूचं भ्याच वाटतंय. कुणी इचारलंच न्हाई आजवर." आणि त्याने मोकळ्या मनाने तिसरी पोळी मागून घेतली. ग्लोव्हज शिवतेज नावाच्या उंचेल्या वेल्डरकडे गेले.

वर्षभर कृष्णातने त्या पोरांना घाम गाळायला लावला. मैदानावरचे दगड सगळ्यांनी मिळून वेचले. गोमटेश मिरजेहून पट्ट्या आणि मलम आणून देऊ लागला, आणि बाजूच्या खुर्चीत बसून तो संघाला प्रथमच उपयोगी पडला. अण्णा रोज सरावाला येत. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना चौथ्या महिन्यात कळलं आणि त्या आनंदात त्यांनी ते घरी गुणमालाबाईंना पोळपाट-लाटणं मांडून समजावून सांगितलं. डोकं दुखायचं केव्हाच थांबलं होतं. पण पावसाळी सकाळी शेजारच्या घरातून आल्याचा वास आला, की ते खिडकीशी जाऊन उगीचच उभे राहत.

दुसरा हंगाम सुरू झाला. पहिले पाच सामने बघून लोक चकित झाले. हे तेच शांतिनगर यावर कोणाचा विश्वास बसेना. दोन बरोबरीत सुटले, तीन एकेका गोलने गेले. पण त्यात एक गोम होती. संघ सत्तर मिनिटं झकास खेळायचा, आणि जिंकायची वेळ आली की पाय मागे घ्यायचा. सहाव्या सामन्यात समोर गोलकीपर पडलेला, जाळं मोकळं, आणि ऋषिराजने चेंडू बाहेरच्या उसात मारला. तोही सामना एका गोलने गेला आणि थर्मास पुन्हा दुसऱ्याने पिऊन टाकला.

"पायात जोर हाय," कृष्णात डोकं खाजवत म्हणाला, "पन मन कुठंतरी आडून बसलंय. काय ते मला उमगंना."

उमगलं ते गुणमालाबाईंना. शनिवारच्या बाजारात त्यांना ऋषिराजची बायको राजनंदिनी भेटली. मेथीची जुडी निवडता निवडता तिने मनातलं बोलून टाकलं, आणि गुणमालाबाईंनी ते घरी येऊन जसंच्या तसं अण्णांना सांगितलं.

"ती म्हणली, काकू, वरीस झालं शनवारी माणूस घरात दिसतोय. आमी चौघं मिळून जेवतोय. बारकीला पैल्यांदाच बापाची वळख झाली. आन् तुमच्या बोर्डावर लिवलंय, जिंकेपर्यंत. म्हंजे जिकलं की सोमवारपास्नं परत रातपाळी."

"म्हणून मुद्दाम हरत्यात?"

"मुद्दाम न्हाई. जिकायला निघत्यात, आन् पाय उचलत न्हाई."

अण्णा उठून कारखान्यात गेले आणि बोर्डावरच्या कागदावर जिथे जिथे "जिंकेपर्यंत" होतं तिथे तिथे पेनाने काट मारली. कामगारांनी ते वाचलं आणि नम्रपणे माना हलवल्या. बोर्डावरचा कागद कितीदा बदलतो हे त्यांनी बघितलेलं होतं. अण्णांनाही ते कळलं. आपला कोणता शब्द ही माणसं खरा मानतात? चौदा महिने चहाला न शिवलेल्या माणसाने देवासमोर घेतलेला नियमच त्यांना पटेल, हे त्यांच्या ध्यानात आलं.

सातव्या सामन्याच्या दिवशी सकाळी सगळा संघ बस्तीत आला. गुणमालाबाईंनी या वेळी धोका पत्करला नाही. "आधी कागदावर लिवा. मी वाचते. मग बोला," त्या म्हणाल्या. अण्णांनी लिहिलं, त्यांनी दोनदा वाचलं, एक शब्द खोडायला लावला, आणि मग अण्णा भगवंतांसमोर हात जोडून उभे राहिले.

"माझ्या कारखान्यातल्या शनिवारच्या रातपाळीचा माझा आजन्म त्याग."

नऊ वेळा णमोकार झाला. मागे उभ्या असलेल्या ऋषिराजने एकदा शिवतेजकडे पाहिलं. बाहेर आल्यावर बूट घालताना सगळ्यांचीच घाई चालली होती.

समोर साताऱ्याचा संघ होता. त्यांचा कॅप्टन राजवर्धन मैदानात उतरताना थर्मास आलाय ना, हे बघून घ्यायला विसरला नाही. साताऱ्याने पहिल्याच अर्ध्यात एक गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात ऋषिराजने तो फेडला, आणि सामना संपायला चार मिनिटं असताना तसंच मोकळं जाळं त्याच्या समोर आलं. चेंडू या वेळी उसात गेला नाही. शेवटच्या मिनिटाला राजवर्धनने मारलेला चेंडू शिवतेजने छातीशी धरला आणि शिट्टी झाल्यावरही तो सोडायला तयार होईना.

शांतिनगर दोन-एकने जिंकलं. गोमटेश खुर्चीसकट पडला. कृष्णात हवालदार ताठ उभा राहून रडत होता. नानासो म्हणत होते, क्लब चालू ठेवायचा असं आपण पहिल्यापासून सांगत होतो.

पोरांनी अण्णांना उचलून थर्मासपाशी आणलं. गुणमालाबाईंनी कप भरला. वाफ वर आली, आल्याचा वास आला. अण्णांनी कप ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच थांबले.

"एकच कप? तुझा कुठाय?"

"तुमी घ्या की."

"तू आधी कायम माझ्याबरुबर प्यायचीस." अण्णा कपाकडे बघत राहिले. चौदा महिन्यांतल्या सगळ्या सकाळी त्यांना एकदम आठवल्या. प्रत्येक सकाळी काढ्याचे पेले दोन होते. "गुणमाला, तू चहा कवा पिलीस शेवटचा?"

गुणमालाबाईंनी पदर सारखा केला. सगळा संघ ऐकत होता. "तुमी नियम घेतलासा त्याच बैठकीत मीबी घेतला, मनातल्या मनात. अठ्ठावीस वरसं नऊ-नऊ कप केलं. म्हणलं, आता ह्यांच्या हातचा एक कप मिळेपर्यंत मीबी चहा घ्यायची न्हाई. मला वाटलं, चार दिवसांत जिकशिला, आनंदात असशिला, तवा हसत हसत सांगीन. मग तुमी हराय लागलासा. डोकं धरून बसलेल्या माणसाला काय सांगायचं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं आणि तितकंच बरंही वाटलं. असं दोन्ही एकदम वाटायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"कृष्णात, किती वाजलं?"

"साडेपाच, मालक."

सूर्य सहा वाजून दोन मिनिटांनी मावळणार होता, आणि मगदूमांच्या घरात सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय तोंडात काही जात नसे. उद्यावर टाकणं सोपं होतं, पण चौदा महिने थांबलेल्या माणसाला आणखी एक रात्र थांबवेना. अण्णा, गुणमालाबाई आणि सगळा संघ टेम्पोत चढला. भरलेला कप आणि थर्मास मैदानावरच राहिला. राजवर्धनने चारी बाजूंना पाहिलं आणि सवयीने आपल्या पोरांना हाक मारली. शांतिनगर जिंकलं तरी चहा साताऱ्यानेच प्यायला.

वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात होता आणि ट्रॅक्टरवरचं गाणंही. हॉर्न ऐकू जाईना. शेवटी कृष्णातने खाली उडी मारली, समोरची वाहतूक परेडच्या आवाजात जागच्या जागी उभी केली आणि टेम्पोला वाट काढून दिली. घर आलं तेव्हा पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

अण्णा स्वयंपाकघरात शिरले. शेगडीचं बटण त्यांनी आधी उलटं फिरवलं. दारात अकरा खेळाडू, एक कोच आणि एक माजी गोलकीपर उभे होते.

"दाजी, दुधावर ध्यान ठेवा," गोमटेश म्हणाला.

"मालक, घाई करू नगा," ऋषिराज म्हणाला.

"कुणी बोलायचं न्हाई. खेळू द्या त्यास्नी," कृष्णात म्हणाला.

पहिला चहा उतू गेला आणि शेगडी विझली. गुणमालाबाई पाटावर बसून होत्या. हात पुढे करायचा नाही म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. दुसऱ्यांदा अण्णांनी आलं न किसता तुकडाच टाकला, साखर दोनदा घातली, आणि पातेल्यावरून नजर हटवली नाही. पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी दोन कप भरले. एक त्यांनी बायकोच्या हातात दिला आणि दुसरा हातात धरून तसेच उभे राहिले.

गुणमालाबाईंनी एक घोट घेतला. त्यांचे डोळे मिटले. दारातली सगळी माणसं श्वास धरून उभी होती.

"कसा झालाय?" अण्णांनी विचारलं.

त्यांनी दुसरा घोट घेतला आणि कप दोन्ही हातांनी धरला.

"बरोबरीत सुटला," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी परत खेळा."